घरगुती उन्हाळी पेये (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या सीमाभागातल्या मराठी घरांत होळीनंतर मृगाचा पाऊस लागेपर्यंत केली जाणारी मद्यार्करहित पेये. नाचणीची आंबील, कोकमाचे सरबत, कैरीचे पन्हे, गुळाचे पानक आणि ताक ही त्यांतली मुख्य. ही सगळी आंबटपणावर उभी आहेत. आंबील-ताकात तो आंबवून येतो, कोकम-कैरीत फळातून, पानकात लिंबातून. पेय बिघडते तेही बहुधा आंबटाच्या हिशेबात चूक झाल्यामुळे.

पेयांची निवड जमिनीप्रमाणे बदलते. मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी, जांबोटी हा खानापूर तालुक्याचा पश्चिम पट्टा दाट पावसाचा. तिथे कोकमाची झाडे आहेत. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडे ऊस आणि गुऱ्हाळे, म्हणून तिकडची पेये गुळाची. अथणी, रायबाग हा पूर्वेकडचा भाग कोरडा. तिथे आंबील नाचणीइतकीच ज्वारीचीही होते. बेळगाव शहर सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने तिथला उन्हाळा पूर्वेपेक्षा सौम्य असतो. आंबवण्याचा वेळ ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

नाचणीची आंबील

शेतावर जाताना पोटाला आधार आणि उन्हाला उतारा अशी दोन्ही कामे करणारे हे पेय. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांत आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. रोजच्या धान्यांत दुसरे कुठलेही तिच्या जवळ येत नाही.

चार माणसांना नाचणीचे पीठ 4 मोठे चमचे (साधारण 40 ग्रॅम), पाणी 4 वाट्या आणि ताक 2 वाट्या लागते. वाटी 200 मिलिलिटरची धरली आहे. रात्री पीठ 1 वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, त्यात 2 चमचे ताक विरजण म्हणून घालावे आणि झाकून ठेवावे. एप्रिलमध्ये बेळगाव-खानापुरात याला 8 ते 10 तास लागतात. अथणी-रायबागकडच्या उकाड्यात 5 ते 6 तास पुरतात. पीठ खाली बसून वर पाणी सुटले, कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि ताकाचा वास आला की ते तयार झाले. वास उग्र, नाकाला झोंबणारा झाला तर वेळ जास्त झाला. वर गुलाबी झाक किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर तेवढाच भाग काढून बाकीचे वापरू नये, सगळे टाकून द्यावे.

सकाळी 3 वाट्या पाणी मीठ घालून उकळावे, आंच मंद करावी आणि आंबलेले पीठ ढवळून बारीक धारेने त्यात सोडावे. दुसऱ्या हाताने पळी सतत फिरवत राहावी. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात घातले तर प्रत्येक गोळीचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आत कोरडे पीठ अडकते. या गुठळ्या नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. मंद आंचेवर 7-8 मिनिटे शिजवावे. कच्चा वास गेला, रंग गडद झाला आणि वर चकाकी आली की उतरवावे. कमी शिजलेली आंबील जिभेला कचकचीत लागते आणि तासाभरात पीठ तळाला बसते. निवताना ती दाटते, म्हणून गरम असताना प्यायला हवी त्यापेक्षा पातळच दिसली पाहिजे.

ताक घालण्याची वेळ ही यातली सर्वांत नाजूक गोष्ट. भांड्यात बोट सहज धरवेल इतके निवल्यावरच ताक घालावे. गरम आंबिलीत घातले तर ताकातली प्रथिने गोळा होतात, चोथा वेगळा आणि पाणी वेगळे होते. फाटलेली आंबील पुन्हा मिळून येत नाही. शेवटी 3-4 ठेचलेल्या लसूण पाकळ्या, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर घालावी. वर कच्चा कांदा चिरून घालण्याची पद्धत आहे आणि ती सोडू नये.

मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ वापरले तर आंबील फारच पातळ होते. मोड येताना तयार झालेली विकरे (एन्झाइम) स्टार्च तोडतात, त्यामुळे असे पीठ दीडपट घ्यावे लागते. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे हवे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ ठेवला तर त्यात तांबे उतरते, चव कळकते आणि मळमळ होऊ शकते. हा नियम पुढच्या सगळ्या पेयांनाही लागू आहे.

कोकमाचे सरबत

कोकमाची पिकलेली फळे म्हणजे रातांबे. खानापूरच्या पश्चिमेला भिरंडे म्हणतात. ती एप्रिल-मेमध्ये हाती येतात, आणि नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस सुरू होतो. वर्षभराचे सरबत करायचे तर हा मुहूर्त साधावा लागतो.

फळे पूर्ण लालजांभळी आणि टणक घ्यावीत. हिरवट फळाला रंग येत नाही. मऊ पडलेले फळ आधीच आंबायला लागलेले असते. धुऊन फडक्याने अगदी कोरडी करावीत, आडवी कापून बिया आणि गर वेगळा काढावा. 1 किलो सालींना दीड ते दोन किलो साखर लागते. सालीच्या प्रत्येक अर्ध्या वाटीत साखर भरून ती कोरड्या काचेच्या बरणीत रचावी, थरांवर आणखी साखर पसरावी, तोंडाला फडके बांधून 7-8 दिवस उन्हात ठेवावी. संध्याकाळी बरणी घरात घ्यावी आणि कोरड्या लाकडी चमच्याने तळाची साखर वर आणावी. साखर सालीतले पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर रंग, आंबटपणा उतरतो. ज्योतीवर काहीही शिजवावे लागत नाही. साखर पूर्ण विरघळली आणि साली सुरकुतल्या की पाक गाळून बाटलीत भरावा.

साखर कमी घेण्याचा मोह इथे महागात पडतो. साखर हीच पाक टिकवते. ती किलोला किलोपर्यंत उतरवली, किंवा बरणीत ओला चमचा गेला, की पाक फसफसतो, बुच वर उचलले जाते आणि दारूसारखा वास येतो. असा पाक उकळून वाचवण्याचा खटाटोप करू नये. गोड कमी हवे असेल तर पिताना पाणी वाढवावे: 1 भाग पाकाला 5 भाग पाणी, चिमूट मीठ, जिरेपूड. ज्यांना साखरच नको त्यांनी आमसुलांचे करावे. 8-10 आमसुले वाटीभर कोमट पाण्यात दोन तास भिजवून कुस्करावीत, गाळून 4 पेले पाणी घालावे. आमसुलांना सुकवताना मिठाची पुटे दिलेली असतात, म्हणून चाखल्याशिवाय वर मीठ टाकू नये. पाकाचा लाल रंग प्रकाशात आणि उष्णतेत तपकिरी होतो. बाटली अंधारात ठेवली तर तो वर्षभर चांगला राहतो.

पन्हे

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे ठरलेले. कोय टणक झालेली कैरी घ्यावी. कोवळ्या कोयीची तुरट लागते. देठाकडचा चीक धुऊन काढावा, नाहीतर घसा खवखवतो. कैरी सालीसकट वाफवावी. सोलून पाण्यात उकडली तर आंबटपणा आणि वास पाण्यात जातो. निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीला धुरकट चव येते, आणि तेच पन्हे जास्त चांगले लागते. 1 वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ आणि वेलदोडा. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात रेती, चिपाड हमखास निघते. काळपट, रसायनविरहित गुळाने पन्ह्याचा रंग मळकट दिसतो, चव मात्र खोल येते. गूळ मिसळलेला गर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. 1 भागाला 3-4 भाग पाणी.

पानक आणि ताक

रामनवमीला कन्नड शेजाऱ्यांकडे पानक-कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) आणि मराठी घरात सुंठवडा, अशी देवाणघेवाण या भागात सहज चालते. आता पानक मराठी घरांतही होते. 1 लिटर पाण्यात 150 ग्रॅम गूळ, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड, 4 वेलदोडे, चिमूट मीठ. लिंबू शेवटी पिळावे आणि बिया काढाव्यात. त्या भिजत राहिल्या तर तासाभरात पानक कडू होते. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

ताकाला 1 भाग दही, 3 भाग पाणी. उन्हाळ्यात घुसळताना लोणी विरघळल्यासारखे पसरते, गोळा धरत नाही. अशा वेळी थंड पाणी किंवा दोन खडे बर्फ घालून रवी फिरवावी. फोडणी देणार असाल तर ती निवू द्यावी. दही आदल्या दिवसाचे हवे. तीन दिवसांच्या दह्याचा आंबटपणा पाण्याने पातळ होतो, उग्रपणा जात नाही.

पाणी, मीठ आणि साखर

आंबील सोडली तर यांपैकी काहीच नंतर उकळले जात नाही, म्हणून पाणी उकळून गार केलेले असावे. बर्फही त्याच पाण्याचा. बाहेरची बर्फाची लादी पुष्कळदा मासळी-माल गार ठेवण्यासाठी बनवलेली असते. घाम गाळून आलेल्या माणसाला मीठ घातलेले ताक किंवा आंबील द्यावी. फार गोड सरबताने तहान वाढते. जुलाब-उलटी सुरू असेल तर ही पेये पुरेशी नाहीत. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे, किंवा दुकानातले क्षारसंजीवनीचे (ओआरएस) पाकीट आणावे. उन्हाने माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये. अंग ओल्या फडक्याने पुसत त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.