खुराच्या बंद पेटीत उतरणाऱ्या अळ्या

घोड्याच्या तळव्यात खिळा रुतला, तर बाहेरून दिसतं ते एवढंसं भोक. तळव्याच्या मधोमध मऊ, त्रिकोणी भाग असतो. तिथं ते भोक जवळजवळ मिटूनही जातं आणि रक्तही फारसं येत नाही. दोन-चार दिवसांनी मात्र घोडा तो पाय टेकवेनासा होतो. आत पू धरलेला असतो आणि त्याला बाहेर यायला वाट नसते.

खूर ही केराटिनची टणक पेटी आहे. आपली नखंही ह्याच द्रव्याची असतात. पेटीच्या आत हाड, सांधा, स्नायूबंध आणि हाडाला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या शेकडो नाजूक पापुद्र्यांच्या घड्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात. इतरत्र जखम झाली की सूज बाहेर फुगते. इथं फुगायला जागाच नाही. दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्ताअभावी मांस मरतं आणि त्या मेलेल्या मांसात जंतू माजतात. प्रतिजैविक रक्तातूनच पोचायचं असतं. जिथं रक्तच जात नाही, तिथं ते कितीही दिलं तरी कसं पोचणार?

मग उरते शस्त्रक्रिया. पण सडलेलं किती आणि जिवंत किती, हे त्या अरुंद खाचेत सुरीला नेमकं कळत नाही. त्यातून घोड्याचं वजन असतं पाचशे किलोच्या आसपास. दुखरा पाय तो उचलून धरतो आणि भार दुसऱ्या पायावर टाकतो. काही दिवसांनी त्या चांगल्या पायाच्या खुरातल्या घड्याही सुटायला लागतात. बार्बारो हा अमेरिकेतला नामांकित शर्यतीचा घोडा. 2006 मध्ये त्याचा मागचा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली. पण पुढे इतर पायांची खुरं बिघडत गेली आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. खुराच्या उपचारात दिवस वाया घालवता येत नाहीत, ते यामुळेच.

इथं कामाला येते ल्युसिलिया सेरिकाटा ह्या चकचकीत हिरव्या माशीची अळी. अंड्यातून निघते तेव्हा ती जेमतेम दोन मिलिमीटरची असते, म्हणून सुरी जात नाही अशा फटीतही ती शिरते. ती मांसाचे लचके तोडत नाही. तोंडातून पाचक रस सोडते, मेलेलं मांस त्यात विरघळतं आणि तो पातळ रस ती शोषून घेते. त्यासोबत जंतूही तिच्या पोटात जाऊन मरतात. तिच्या स्रावात जंतुनाशक द्रव्यंही असतात. त्यातल्या एकाला ल्युसिफेन्सिन असं नाव दिलं आहे. जंतू स्वतःभोवती जो चिकट थर विणतात, तोही हा स्राव सैल करतो. तीन-चार दिवसांत अळी सेंटिमीटरभर लांब होते.

हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर ह्या अमेरिकी शल्यचिकित्सकानं, सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. जखमा अळ्यांनी वळवळत होत्या, तरी त्यांना ताप नव्हता. अळ्या धुऊन काढल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस दिसलं. 1928 नंतर त्यानं हाडं सडलेल्या मुलांवर हा उपचार केला. काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा अळ्या आधी निर्जंतुक करणं किती गरजेचं आहे ते उमगलं. पेनिसिलिन आल्यावर ही पद्धत मागे पडली. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढले, तशी ती परत आली.

खुरात मात्र अडचण वेगळीच. घोडा पाय टेकवतो, मग अळ्या चिरडणार. म्हणून पशुवैद्य आधी सुटं झालेलं शिंग (म्हणजे खुराचं टणक केराटिन) आणि सहज निघेल तेवढं सडलेलं मांस काढतात, आयोडीनसारख्या औषधाचा अंशही राहू नये (तो अळ्यांना मारतो) म्हणून जखम सलाईननं धुतात आणि मग अळ्या सोडतात. वर सैल, हवा खेळेल अशी जाळीदार पट्टी बांधतात. खाली खास नाल ठोकतात. तिला उघडझाप करता येईल असं धातूचं झाकण असतं, त्यामुळे भार कडेवर येतो आणि मध्ये पोकळी राहते. हवा नसेल तर अळ्या गुदमरतात, फार ओल असेल तर बुडतात. शेवटी शेवटी, अळ्या मोठ्या झाल्या की काही घोडे अस्वस्थ होतात. तेव्हा पट्टी सोडून अळ्या धुऊन काढायच्या आणि गरज असेल तर नव्या घालायच्या.

एक गोष्ट मी ठासून सांगेन. जखमेत आपोआप पडलेल्या अळ्या म्हणजे हा उपचार नव्हे. स्क्रू-वर्म नावाच्या माशीची अळी जिवंत मांस खाते. आणि हीच हिरवी माशी मेंढीच्या ओल्या लोकरीत अंडी घालते, तेव्हा तिच्या अळ्या धडधाकट कातडीही सोलून काढतात. उपचाराच्या अळ्या प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेल्या अंड्यांतून निघतात, मोजून घातल्या जातात आणि वेळेवर काढल्या जातात. खोल संसर्गात शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं सोबत चालूच राहतात.

सगळं नीट झालं, की काळपट, दुर्गंधी येणाऱ्या खाचेच्या तळाशी ओलसर गुलाबी दाणेदार मांस दिसू लागतं. मग त्यावर शिंग चढायला लागतं, महिन्याला सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडं कमी. पुढची भिंत वरपासून जमिनीपर्यंत नव्यानं यायला जवळपास वर्ष जातं, आणि तोवर दर काही आठवड्यांनी नालबंदाला ती नाल काढून पुन्हा बसवावी लागते.