पॅकार्ड कायदा (इलिनॉय, १८६७)

वेडाच्या आरोपावरून कोणालाही इस्पितळात ठेवायचे असेल तर आधी ज्यूरीसमोर सुनावणी झालीच पाहिजे, असे ठरवणारा अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा कायदा. एलिझाबेथ पॅकार्ड (१८१६–१८९७) यांच्या झगड्यातून तो झाला.

तोवर लागू असलेल्या १८५१ च्या कायद्यात एक अपवाद होता. इतरांना वेडे ठरवायला पुरावा लागे. विवाहित स्त्रिया आणि अज्ञान मुले यांच्यासाठी तो लागत नसे. स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याची मागणी आणि इस्पितळाच्या अधीक्षकाचा होकार एवढे पुरे होते. लग्न झालेल्या बाईला कायद्याच्या लेखी नवऱ्यावेगळे अस्तित्वच नव्हते. अपवादाचे मूळ तिथे होते.

एलिझाबेथ यांचे पती थिऑफिलस हे मँटेनो गावात धर्मोपदेशक. बायबलच्या वर्गात पत्नी आपल्या मतांविरुद्ध उघडपणे बोलते, हे त्यांना वेडाचे लक्षण वाटले. १८ जून १८६० च्या सकाळी ते डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि एकही प्रश्न न विचारता आपल्याला वेडी ठरवले, असे एलिझाबेथ यांनी लिहून ठेवले आहे. सहा मुलांच्या या आईची तीन वर्षे जॅक्सनव्हिलच्या सरकारी इस्पितळात गेली.

त्या सुटून आल्यावर नवऱ्याने त्यांना घरातच कोंडले आणि खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. तिथून कशीबशी बाहेर सरकवलेली चिठ्ठी शेजाऱ्यांच्या हाती लागली आणि प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेले. बायकोला इस्पितळात पाठवायची मुभा कायद्यात होती, घरात डांबायची नव्हती. म्हणून हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या आदेशाचा, मार्ग खुला झाला. जानेवारी १८६४ मध्ये कँककी येथे खटला चालला. शिलाई यंत्रांचा विक्रेता असल्याची बतावणी करून त्यांना भेटून गेलेल्या एका डॉक्टरने त्या वेड्या असल्याची साक्ष दिली. ज्यूरीने सात मिनिटांत त्यांना शहाणे ठरवले.

या निकालापाशी थांबले तर अर्धीच गोष्ट कळते. एलिझाबेथ घरी परतल्या तेव्हा घर भाड्याने गेले होते, सामान विकले गेले होते आणि मुलांना घेऊन नवरा मॅसॅच्युसेट्सला निघून गेला होता. मुलांचा ताबा कायद्याने बापाचाच, त्यामुळे शहाणपणाचा निवाडा मिळूनही त्यांना मुले परत मागता येईनात. स्वतःची पुस्तके दारोदार विकून त्यांनी पोट भरले आणि आमदारांपुढे बाजू मांडत राहिल्या. धाकट्या मुलांचा ताबा त्यांना बऱ्याच उशिरा मिळाला.

ज्यूरीपुढे उभे करण्याने आजारी माणसाची विटंबना होते, अशी डॉक्टरांची तक्रार होती, आणि तीत तथ्य होते. एलिझाबेथ यांचे काम इलिनॉयपुरते राहिले नाही. आयोवा राज्याने त्यांच्या प्रयत्नांमुळे १८७२ मध्ये इस्पितळातील रुग्णांना बाहेर पत्र पाठवण्याचा हक्क दिला.