सिरॅमिक ब्रेकने गाडी लवकर थांबत नाही

पोर्शे ९११ नुसती पसंत करून भागत नाही, ती कलमवार ठरवून मागवावी लागते. रंग, चाकं, सीट इथपर्यंत सगळं सोपं असतं. पुढे परफॉर्मन्सचे पर्याय सुरू झाले की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो: स्पोर्ट क्रोनो पॅकेज, मागच्या चाकांचं स्टिअरिंग, खाली उतरवलेलं सस्पेन्शन आणि सिरॅमिक ब्रेक (बिडाऐवजी सिरॅमिकच्या डिस्क असलेले). यांत सिरॅमिक ब्रेक हा सर्वांत महागड्या पर्यायांपैकी एक. अमेरिकेत त्याला हजारो डॉलर मोजावे लागतात. आपल्याकडे ही गाडी पूर्ण बांधून आयात होते, म्हणजे कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर आयात शुल्क आणि वर कर. एवढे पैसे मोजणाऱ्याला विचारलं की हे कशासाठी, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "गाडी जागच्या जागी थांबते."

ही समजूत चुकीची आहे. आणि ती नेमकी कुठे चुकते हे पाहिलं, तर ब्रेक नावाच्या यंत्राचं खरं काम काय ते कळतं.

चालत्या गाडीला थांबवणारं बल येतं ते रस्त्याकडून, टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणातून. डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि पॅड (तिच्यावर दाबले जाणारे ठोकळे) फक्त चाकाचं फिरणं रोखतात. चाक रोखायला सुरुवात केली की टायर रस्त्याला पुढे ढकलतो आणि रस्ता टायरला मागे. या बलाला मर्यादा असते: घर्षण गुणांक गुणिले गाडीचं वजन. शाळेतलंच समीकरण मांडलं तर थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. गाडीचं वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं. डिस्कचा व्यास, कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या पकडीतले) पिस्टन, पॅडची जात यांपैकी काहीच या समीकरणात नाही.

ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. चांगल्या टायरचा गुणांक १.१ धरला तर अंतर येतं सुमारे ३६ मीटर. ट्रॅकसाठी बनवलेला मऊ रबराचा टायर तापून १.३ पर्यंत गेला तर ३० मीटर. साडेपाच मीटरचा फरक म्हणजे गाडीच्या सुमारे सव्वापट लांबी, आणि हा सगळा फरक रबराने घडवला.

ब्रेक पुरेसे ताकदवान आहेत का, हे ओळखणं सोपं आहे. जोरात पेडल दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होऊन पायाखाली थरथर जाणवली, तर ब्रेकनी टायरची मर्यादा केव्हाच गाठलेली आहे. एबीएस दाब सोडतोय याचा अर्थच असा की ब्रेकजवळ जोर उरलेला आहे आणि रस्ता अजून द्यायला तयार नाही. ९११ च्या साध्या, बिडाच्या डिस्क हे काम पहिल्या दाबाला लीलया करतात. त्याहून ताकदवान ब्रेक बसवले तर एबीएस तेवढा लवकर मध्ये पडेल.

मग सिरॅमिक ब्रेकचे पैसे कशाचे? ते आहेत दुसऱ्या, पाचव्या आणि पंधराव्या दाबाचे. इथून उष्णतेची गोष्ट सुरू होते. मोटारीतलं मला सर्वांत आवडणारं भौतिकशास्त्र हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ब्रेक ऊर्जा नाहीशी करत नाही, गतिज ऊर्जेची उष्णता करतो. चालकासकट १,६०० किलोची गाडी ताशी २०० किमीवरून थांबवली तर सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. खोलीच्या तापमानाचं जवळपास आठ लिटर पाणी एवढ्यात उकळीला येईल. एक जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढ्या मंदनाने ही गाडी थांबायला पावणेसहा सेकंद लागतात. ऊर्जेला वेळेने भागलं की सरासरी शक्ती निघते, ती भरते ५९० अश्वशक्तीच्या आसपास. अगदी सुरुवातीच्या क्षणी, वेग सर्वांत जास्त असताना, ती त्याच्या दुप्पट असते. आणि त्या गाडीचं इंजिन? ९११ च्या ९९२ या पिढीची कॅरेरा एस २०१९ मध्ये आली ती ४५० अश्वशक्तीची. गाडीतलं सर्वांत शक्तिशाली यंत्र बॉनेटखाली नसतं (९११ मध्ये इंजिन तसंही मागे असतं), ते चाकांच्या आत बसलेलं असतं.

ही उष्णता पाच-सहा सेकंदांत वाऱ्यावर जाऊ शकत नाही. ती आधी डिस्कमध्येच साठते. समजा, बिडाच्या चारही डिस्क मिळून ४० किलो आहेत. बिडाची विशिष्ट उष्माधारकता किलोला, अंशाला साधारण ५०० ज्यूल. म्हणजे ४० किलो बीड एका अंशाने तापायला २०,००० ज्यूल, आणि २५ लाख ज्यूलने ते सव्वाशे अंशांनी तापेल.

आता त्याच जागी सिरॅमिक डिस्क घ्या. त्या सुमारे निम्म्या वजनाच्या असतात, म्हणजे २० किलो. या पदार्थाची उष्माधारकता जास्त, किलोला सुमारे ८०० ज्यूल. गुणाकार केला तर अंशाला १६,००० ज्यूल. त्याच थांबण्यात ही डिस्क दीडशेहून जास्त अंशांनी तापते. महागडी डिस्क स्वस्त डिस्कपेक्षा जास्त गरम होते! ‘सिरॅमिक ब्रेक थंड राहतात’ असं जाहिरातीच्या थाटात सांगणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

हाच हिशेब वजनाऐवजी आकारमानाने केला की आणखी एक गोष्ट उलगडते. बिडाची घनता ७.२, सिरॅमिकची २.३ च्या आसपास. एक घनसेंटीमीटर बीड अंशाला ३.६ ज्यूल साठवतं, तेवढंच सिरॅमिक फक्त १.८. जागेच्या हिशेबात बीड दुप्पट सरस. म्हणून सिरॅमिक डिस्क मोठी करावी लागते. २०१९ च्या त्या कॅरेरा एसवर पुढची बिडाची डिस्क ३५० मिलिमीटरची होती, सिरॅमिक घेतली तर ४१० ची. मोठी डिस्क चाकातून भारी दिसते खरी, पण तिचं मोठेपण पदार्थाची ही उणीव भरून काढायला आलेलं आहे.

सिरॅमिकचा फायदा आहे तो सोसण्यात. बीड सातशे अंशांच्या पुढे गेलं की त्याची आतली स्फटिकरचना बदलू लागते. थंड होताना जागोजागी कठीण डाग राहतात, मग पेडल थरथरतं आणि गॅरेजवाला सांगतो की डिस्क वाकली. भोकं पाडलेल्या डिस्कला भोकांभोवती बारीक तडे जातात. सिरॅमिक डिस्क त्या तापमानालाही आकार सोडत नाही, कारण तापून ती प्रसरणच फार कमी पावते. शिवाय पदार्थ जितका गरम, तितकी उष्णता तो जोमाने बाहेर फेकतो. प्रारणाने जाणारी उष्णता केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ४०० अंश सेल्सिअसला डिस्क जेवढं प्रारण सोडते, त्याच्या साडेसहापट ती ८०० अंशांना सोडते. जास्त तापणं हा दोष न राहता उष्णता घालवण्याचा मार्ग बनतो. अट एकच, डिस्कने ते तापमान सोसलं पाहिजे.

ते ती कसं सोसते? कार्बनचे आखूड तंतू फिनॉलिक रेझिनमध्ये मिसळून डिस्कच्या साच्यात दाबतात. मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवतात. रेझिनमधलं कार्बनखेरीज सगळं उडून जातं आणि मागे उरतो सच्छिद्र, ठिसूळ कार्बन. त्यानंतर निर्वात भट्टीत १,४१४ अंशांच्या वर, सिलिकॉन वितळवून या छिद्रांत शोषू देतात. सिलिकॉन केशाकर्षणाने आत शिरतो, वाटेतल्या कार्बनशी संयोग पावतो आणि सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. हे इतकं कठीण असतं की पुढे डिस्क घासायला हिऱ्याची अवजारं लागतात. नुसतं कार्बाइड एका दणक्यात फुटलं असतं. आत शिल्लक राहिलेले तंतू तडा पुढे सरकू देत नाहीत. द्रव सिलिकॉनची ही पद्धत जर्मनीच्या अंतराळ संस्थेने श्टुटगार्टमध्ये अंतराळयानांच्या उष्णताकवचासाठी विकसित केली होती. पोर्शेचं गावही तेच. २००१ मध्ये ९११ जीटी२ या ब्रेकसह बाहेर पडली.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांत असतात किंवा काँकॉर्ड विमानात होते ते कार्बन-कार्बन ब्रेक वेगळे. ते गार असताना नीट पकडत नाहीत. सिग्नलला थांबायचं असेल तर ते निरुपयोगी. सिलिकॉन कार्बाइडमुळे रस्त्यावरची डिस्क थंडीतही पकडते. आणि दुकानात ‘सिरॅमिक पॅड’ म्हणून मिळतात त्यांचा या डिस्कशी काही संबंध नाही. सिरॅमिक ब्रेकची गाडी वाटावी म्हणून कॅलिपरला पिवळा रंग मारून घेणाऱ्यांनी तर एवढंच लक्षात ठेवावं की रंगाला उष्माधारकता नसते.

बहुतेक वेळा ब्रेक जातात ते डिस्कमुळे जातच नाहीत. ते जातात ब्रेक ऑइलमुळे. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की ही अट १५५ पर्यंत खाली येते. कॅलिपर तेवढा तापला की आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला टेकतं. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत उभ्या असणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांनी बदलणं म्हणूनच महत्त्वाचं, मग डिस्क बिडाची असो की सिरॅमिकची. नव्या गाडीची पूजा जरूर करावी, त्यात घरच्यांचा आनंद असतो. पण चाकाखाली लिंबू चिरडल्याने किंवा पुढे लिंबू-मिरची टांगल्याने ऑइलमधलं पाणी कमी होत नाही, आणि घाटात ब्रेक न लागण्याचं कारण कुणाची नजर नसून हे पाणी असू शकतं.

घाटाचाही हिशेब करू. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे पाचशे मीटरने कमी होते. १,६०० किलोच्या गाडीची तेवढी स्थितिज ऊर्जा ७८ लाख ज्यूल भरते, म्हणजे ताशी २०० वरून तीनदा थांबण्याएवढी. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात आणि वारा मोजला नाही, तर बिडाच्या डिस्क जवळपास चारशे अंशांनी तापतील. खालच्या गिअरमध्ये उतरलं की यातला मोठा वाटा इंजिन पोटात घेतं. हा पर्याय प्रत्येक गाडीत फुकट मिळतो. याउलट शहरात ताशी ६० वरून थांबताना २०० च्या तुलनेत फक्त अकरावा हिस्सा ऊर्जा निघते, डिस्क दहा-बारा अंशांनी तापते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत निवते. पुण्यात रोज ऑफिसला नेण्याच्या ९११ ला सिरॅमिक ब्रेकची उष्णतेसाठी काहीही गरज नाही.

मग ट्रॅकसाठी तरी घ्यावेत का? इथे माझं मत बरंच ठाम आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा जर्मनीतल्या २०.८ किमीच्या नुर्बुर्गरिंगवर वर्षातून एखाद-दोनदा जाणाऱ्याला ते शोभतात. दर महिन्याला ट्रॅक गाठणाऱ्याने बीडच घ्यावं. फार तापल्यावर डिस्कमधला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी जळू लागतो. जाडी तेवढीच दिसते आणि वजन घटत जातं. म्हणून या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि ती काढून तराजूवर ठेवली की तिचं आयुष्य संपलं की नाही ते कळतं. बिडाची डिस्क संपली तर त्या मानाने थोडक्यात नवी येते. जीटी३ ही ट्रॅकच्या अंगाने बनवलेली ९११ घेऊन सतत ट्रॅकवर जाणारे अनेक मालक याच कारणाने मुद्दाम बीड मागवतात.

साध्या रस्त्यावर सिरॅमिकचे दोन खरे फायदे उरतात. चाकांवर काळी भुकटी जवळपास बसत नाही, आणि चाकांकडचं वीसेक किलो वजन कमी होतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खड्ड्यावरून जाताना चाक लवकर सावरतं. भुकटीचंच दुखणं असेल तर पोर्शेने २०१७ च्या कायेन या एसयूव्हीसोबत आणलेली तिसरी जात पाहावी: बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर. ही कल्पना मला सिरॅमिकपेक्षाही शहाणपणाची वाटते, कारण बिडाची उष्णता साठवण्याची ताकद तशीच राहते.

बाकीचे पर्याय थोडक्यात. २०१९ च्या कॅरेरा एसचा शून्य ते शंभरचा वेळ स्पोर्ट क्रोनोने ३.७ वरून ३.५ सेकंदांवर आला. जागेवरून सुटतानाची प्रणाली ते साधते. रस्त्यावर हे ०.२ सेकंद कुणाला कळणार नाहीत. मागच्या चाकांचं स्टिअरिंग मात्र मी आग्रहाने सुचवेन. ताशी ५० च्या खाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात आणि गाडी आखूड असल्यासारखी फिरते. ८० च्या वर ती पुढच्यांच्याच दिशेला वळतात आणि स्थैर्य वाढतं. मुंबईतल्या इमारतीच्या अरुंद रॅम्पवर याचा उपयोग रोज होतो.

मागणी नोंदवताना एकच भेद पाहावा, नंतर काय बदलता येतं आणि काय नाही. टायर केव्हाही बदलता येतात, ब्रेक ऑइल आणि पॅडही. त्यामुळे ट्रॅकचे टायर कारखान्यातूनच मागवायची घाई नको; गार, ओल्या रस्त्यावर ते साध्या टायरपेक्षा कमी पकडतात आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. मागच्या चाकांचं स्टिअरिंग गाडी हाती आल्यावर बसवणं जवळपास अशक्य आहे, म्हणून ते आधीच मागवावं. सिरॅमिक ब्रेकवर खूण करण्यापूर्वी तेवढ्याच पैशांत चांगल्या टायरचे किती संच येतात, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावं.