हिवाळी सार्वजनिक सुट्ट्यांचा कालावधी

उत्तर गोलार्धात साधारणपणे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कायद्याने किंवा शासकीय आदेशाने मिळणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्या, आणि त्या सलग किती दिवस चालतात याविषयीची निरनिराळ्या देशांतील व्यवस्था. नाताळ, १ जानेवारी, एपिफनी हा ख्रिस्ती सण (६ जानेवारी), ज्युलियन दिनदर्शिकेनुसार येणारा नाताळ (७ जानेवारी) आणि चांद्र नववर्ष हे या सुट्ट्यांचे प्रमुख आधार होत. शाळांच्या हिवाळी सुट्ट्या आणि वार्षिक पगारी रजा यांचा विचार येथे केलेला नाही. दक्षिण गोलार्धात नाताळ व नववर्ष भर उन्हाळ्यात येतात. तेथील खऱ्या हिवाळी सुट्ट्या जून-जुलैमध्ये असतात आणि त्या बहुधा एक दिवसाच्याच आहेत : बोलिव्हियातील २१ जूनचे आयमारा नववर्ष, चिलीतील मूलनिवासी जनतेचा दिन (२०२१ पासून) व न्यूझीलंडमधील मातारिकी (२०२२ पासून).

मोजणीची पद्धत : ‘अमुक देशात किती दिवस सुट्टी?’ या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे संभवतात आणि तुलनात्मक तक्त्यांमधील बहुतेक चुका ती एकमेकांत मिसळल्याने होतात. पहिला आकडा कायद्यात नावानिशी दिलेल्या दिवसांचा. दुसरा, शनिवार-रविवार व सरकवलेले दिवस धरून पडणाऱ्या सलग खंडाचा. तिसरा, त्या खंडात प्रत्यक्षात बुडालेल्या कामाच्या दिवसांचा. जपानचे उदाहरण बोलके आहे. १९४८ च्या राष्ट्रीय सुट्ट्यांविषयीच्या कायद्यात नववर्षाचा एकच दिवस, १ जानेवारी, नमूद आहे. परंतु १९८८ च्या स्वतंत्र कायद्यान्वये सरकारी कार्यालये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी असे सहा दिवस बंद असतात, तर बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी असे चार दिवस. राष्ट्रीय सुट्ट्यांची यादी पाहून ‘एक दिवस’ लिहिणारा आणि कार्यालयाच्या दारावरची पाटी पाहून ‘सहा दिवस’ लिहिणारा, दोघेही बरोबर असतात. सहा दिवसांच्या या बंदीचे मूळ मेजी काळात, ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू झाली त्या १८७३ सालच्या आदेशात सापडते.

तीन आकड्यांपैकी तिसरा सर्वांत उपयुक्त मानावा. मात्र तो दरवर्षी बदलतो, म्हणून कोणत्याही तक्त्यात वर्ष दिलेले नसेल तर तो तक्ता अपुरा समजावा.

प्राचीन पूर्वपीठिका : सलग हिवाळी सुट्टीचा उगम रोमन सॅटर्नेलिया उत्सवात शोधण्याची प्रथा आहे. हा उत्सव मुळात १७ डिसेंबर या एकाच दिवसाचा होता, असे पाचव्या शतकातील लेखक मॅक्रोबियस सांगतो. त्याच्या मते दिवस वाढले ते दिनदर्शिकेतील दुरुस्तीमुळे. ज्युलियस सीझरने डिसेंबर २९ ऐवजी ३१ दिवसांचा केला. रोमन लोक तारखा पुढील महिन्याच्या पहिल्या दिवसापासून (तोही दिवस धरून) उलट मोजत. त्यामुळे १७ डिसेंबर हा पूर्वी जानेवारीच्या प्रतिपदेआधीचा चौदावा दिवस होता तो सोळावा झाला. काहींनी तारीख धरून ठेवली, काहींनी ‘चौदावा’ हा जुना आकडा, आणि तो नव्या गणनेत १९ डिसेंबरला येई. ऑगस्टसने हा घोळ मिटवण्यासाठी न्यायालये १७ ते १९ हे तिन्ही दिवस बंद ठेवली. पुढे कॅलिग्युलाने आणखी एका दिवसाची भर घातली.

ही उपपत्ती सुबक आहे, पण ती पूर्णपणे स्वीकारणे कठीण आहे. सात दिवसांच्या सॅटर्नेलियाचा उल्लेख करणारी जुन्या प्रहसनकारांची वचने खुद्द मॅक्रोबियसनेच उद्धृत केली आहेत. लोकाचारात उत्सव आधीपासूनच आठवडाभर चालत असावा आणि दिनदर्शिकेच्या दुरुस्तीचा परिणाम केवळ न्यायालयांच्या बंद दिवसांवर झाला असावा, हे मत अधिक संभाव्य वाटते. उत्सव किती दिवस चालतो आणि कामकाज किती दिवस कायद्याने थांबते हे दोन प्रश्न तेव्हाही वेगळेच होते.

नाताळ ते एपिफनी या बारा दिवसांचा संबंध ५६७ च्या तूर (फ्रान्स) येथील धर्मपरिषदेशी जोडला जातो. परिषदेने ‘बारा दिवसांची सुट्टी जाहीर केली’ असे सरसकट लिहिलेले आढळते. मूळ नियम मात्र मठवासीयांच्या उपवासांविषयी आहे. या काळातला प्रत्येक दिवस सणाचा असल्याने उपवास नको, आणि वर्षारंभीच्या तीन दिवसांत मूर्तिपूजकांच्या चालींना उतारा म्हणून प्रार्थना व्हाव्यात, असा त्याचा आशय आहे. कामातून मोकळीक देणारा निःसंदिग्ध कायदा म्हणून वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या संहितेकडे (नववे शतक, बहुधा अखेरचा काळ) बोट दाखवणे अधिक योग्य होय. तीत स्वतंत्र माणसांना मध्यहिवाळ्यातील बारा दिवस दिले आहेत आणि गुलामांना व बांधील मजुरांना ते वगळले आहेत.

स्कॉटलंडमधील नाताळ : येथील सुट्टीच्या प्रारंभवर्षाबद्दल संदर्भग्रंथांत मेळ नाही. १६४० मध्ये स्कॉटिश संसदेने नाताळची सुट्टी रद्द केली आणि हिवाळ्यातील मुख्य सणाचा मान नववर्षाकडे गेला. नाताळ सार्वजनिक सुट्टी झाली ती १९५८ मध्ये, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. परंतु १८७१ च्या बँक सुट्टी अधिनियमाच्या परिशिष्टात स्कॉटलंडसाठी नववर्षदिन व नाताळ हे दोन्ही दिवस स्पष्ट नोंदलेले आहेत. विसंगती शब्दांच्या अर्थातली आहे. १८७१ चा अधिनियम बँकांचे व्यवहार आणि हुंड्यांच्या मुदती यांपुरता होता. कारखाने व दुकाने बंद ठेवण्याचे बंधन त्यातून येत नव्हते. म्हणून ‘बँक सुट्टी १८७१ पासून, सर्वसाधारण सुट्टी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर’ अशी नोंद करणे श्रेयस्कर. आज स्कॉटलंडमध्ये २५ व २६ डिसेंबर आणि १ व २ जानेवारी अशा चार बँक सुट्ट्या आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २ जानेवारी नाही, आणि १ जानेवारीही १९७४ पासूनच आहे.

बदली दिवसाचा नियम : सुट्टी आठवडी सुट्टीच्या दिवशीच आली तर ती बुडते की पुढे सरकते, यावर प्रत्यक्ष कालावधी सर्वाधिक अवलंबून असतो. २०२१ मध्ये २५ व २६ डिसेंबर हे शनिवार-रविवारी आले आणि १ जानेवारी २०२२ हाही शनिवार होता. इंग्लंडमध्ये त्यांच्या बदली २७ व २८ डिसेंबर आणि ३ जानेवारी हे दिवस मिळाले. स्कॉटलंडमध्ये ४ जानेवारीही. जर्मनीत बदली दिवस देण्याची तरतूद नाही, त्यामुळे तिन्ही सुट्ट्या बुडाल्या. बाडेन-व्यूर्टेंबर्ग, बव्हेरिया व सॅक्सनी-आनहाल्ट या तीन राज्यांत ६ जानेवारीची सुट्टी असल्याने तेथे तेवढी एक पदरात पडली. अमेरिकेत संघराज्य शासनाचे कर्मचारी शनिवारची सुट्टी आदल्या शुक्रवारी आणि रविवारची सोमवारी घेतात, पण खासगी मालकांवर अशा सुट्टीचे संघराज्यीय बंधन मुळातच नाही. तेथील जानेवारी व फेब्रुवारीतील दोन संघराज्यीय सुट्ट्या तिसऱ्या सोमवारी बांधलेल्या असल्याने बुडण्याचा प्रश्नच येत नाही.

रशिया : कायद्याने ठरलेल्या हिवाळी खंडांपैकी हा सर्वांत दीर्घ खंडांपैकी एक. १८९७ च्या साम्राज्यकालीन कायद्यात २५ व २६ डिसेंबर आणि १ व ६ जानेवारी या तारखा सक्तीच्या सुट्ट्या होत्या (अर्थात जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे). सोव्हिएत काळात नाताळ गेला. १ जानेवारी हा १९४८ पासून बिनकामाचा दिवस झाला. ७ जानेवारी हा दिवस १९९१ मध्ये परत आला, २ जानेवारीची भर १९९३ पासून पडली, २००५ पासून १ ते ५ जानेवारी आणि २०१३ पासून १ ते ८ जानेवारी अशी वाढ झाली. कामगार संहितेच्या कलम ११२ नुसार १ ते ६ व ८ हे नववर्षाचे आणि ७ हा नाताळचा दिवस.

या आठ दिवसांत येणारे शनिवार-रविवार आपोआप पुढच्या कामाच्या दिवशी सरकत नाहीत. त्यांपैकी दोन दिवस सरकार आदेशाने वर्षातील अन्य तारखांना नेते. १ जानेवारी शनिवारी किंवा रविवारी आला तर आठ दिवसांत आठवडी सुट्टीचे तीन दिवस सापडतात, तरीही भरपाई दोनांचीच होते. २०२२ व २०२३ मध्ये असेच घडले. दोन दिवस कोठे न्यायचे हा निर्णय सरकारचा असल्याने सलग खंडाची लांबी वर्षागणिक वेगळी पडते : २०२५ च्या आरंभी तो २९ डिसेंबर ते ८ जानेवारी असा अकरा दिवसांचा, तर २०२६ मध्ये ३१ डिसेंबर ते ११ जानेवारी असा बारा दिवसांचा. केवळ संहिता वाचून पुढील वर्षाचा खंड काढता येत नाही. त्या वर्षाचा आदेश पाहावाच लागतो. आणखी एक बारकावा असा, की ज्युलियन व ग्रेगोरियन दिनदर्शिकांतील तेरा दिवसांचे अंतर मार्च २१०० पासून चौदा होईल व जुना नाताळ ८ जानेवारीला येऊ लागेल, पण संहितेत तारीख ‘७ जानेवारी’ अशीच गोठवलेली आहे. युक्रेनने २०२३ च्या कायद्याने ७ जानेवारी वगळून केवळ २५ डिसेंबर ठेवला. बेलारूस व मोल्डोव्हात दोन्ही नाताळांना सुट्टी असते.

चांद्र नववर्ष : चिनी पंचांगाप्रमाणे हा दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतो. चीनमध्ये १९४९ पासून वसंतोत्सवाचे (चांद्र नववर्षाचे तेथील नाव) कायदेशीर दिवस तीन होते. वर्षअखेरची संध्या २००८ पासून त्यांत धरली गेली, २०१४ पासून वगळली गेली आणि २०२५ पासून पुन्हा धरून दिवस चार झाले. सात, आठ किंवा नऊ दिवसांचा खंड तयार होतो तो शनिवार-रविवारची अदलाबदल करून. २०२६ मध्ये १५ ते २३ फेब्रुवारी असे नऊ दिवस मिळतात. त्यांत कायदेशीर चार, मूळचे आठवडी सुट्टीचे तीन आणि उसने घेतलेले दोन. हे उसने दिवस १४ व २८ फेब्रुवारी या दोन शनिवारी काम करून फेडायचे असतात. २०२४ च्या दुरुस्तीनुसार सुट्टीच्या आधी वा नंतर सलग कामाचे दिवस सर्वसाधारणपणे सहाहून अधिक नसावेत. १४ फेब्रुवारीला संपणारा आठवडा बरोबर सहा दिवसांचा होतो, म्हणजे मर्यादा जेमतेम पाळली जाते. उत्सवाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रवासाचा हंगाम मात्र चाळीस दिवसांचा धरतात (नववर्षाआधी पंधरा, नंतर पंचवीस) आणि कारखान्यांचा माल सुरळीत येण्याचा अंदाज बांधताना चारांपेक्षा चाळिसाचा आकडाच कामास येतो.

व्हिएतनाममध्ये तेतसाठी (तेथील चांद्र नववर्ष) पाच दिवस आहेत; २०१३ पूर्वी चार होते. येथे एक गणिती अडचण आहे. व्हिएतनामची प्रमाणवेळ चीनपेक्षा एक तास मागे असल्याने मध्यरात्रीच्या आसपास अमावास्या झाली तर दोन्हीकडे महिना वेगळ्या तारखेला सुरू होतो. २००७ मध्ये तेत १७ फेब्रुवारीला, तर चिनी नववर्ष १८ ला आले. १९८५ मध्ये अधिक मासामुळे हे अंतर चक्क एका महिन्याचे झाले (२१ जानेवारी व २० फेब्रुवारी). दोन्ही देशांसाठी एकच तारीख गृहीत धरणाऱ्या दिनदर्शिका अशा वर्षी चुकतात. दक्षिण कोरियात हा सण १९८५ मध्ये एक दिवसाच्या सुट्टीच्या रूपाने परतला आणि १९८९ पासून तीन दिवसांचा झाला. उलट १ जानेवारीची सुट्टी कमी होत १९९९ पासून एका दिवसावर आली. सिंगापूरमध्ये चांद्र नववर्षाचे दोन दिवस, इंडोनेशियात एक.

६ जानेवारी आणि कडेचे दिवस : यूरोपात नाताळ व १ जानेवारीविषयी फारसा फरक नाही, फरक पडतो तो कडेच्या दिवसांत. उत्पादन वाढवण्याची गरज पडली की सरकारे प्रथम ६ जानेवारीवर हात घालतात, आणि तो दिवस सहसा परत येतो. इटलीने तो १९७७ मध्ये रद्द केला व १९८६ पासून पुन्हा दिला. फिनलंडने १९७३ ते १९९१ या काळात तो शनिवारी हलवला होता. पोलंडमध्ये १९६० मध्ये गेलेला दिवस २०११ मध्ये परतला, पण त्याच दुरुस्तीने शनिवारी येणाऱ्या सुट्टीची भरपाई देण्याचे मालकांवरील बंधन काढून घेतले. तेथील घटना न्यायाधिकरणाने ती तरतूद २०१२ मध्ये रद्द ठरवली. त्यामुळे पोलिश कामगाराला अखेरीस दोन्ही मिळाले. २०२५ पासून तेथे २४ डिसेंबरही सुट्टीचा आहे. रुमानियात ६ व ७ जानेवारी हे दिवस २०२४ पासून सुट्टीत आले. स्लोव्हेनियाने काटकसरीच्या काळात २०१२ मध्ये २ जानेवारी वगळला आणि २०१७ पासून पुन्हा जोडला.

अर्धे दिवसही हिशेबात घ्यावे लागतात. एस्टोनियात २३ व ३१ डिसेंबरचे काम तीन तासांनी कमी होते, आइसलँडमध्ये २४ व ३१ डिसेंबरला दुपारी एकपासून सुट्टी लागते, रशियात सणाच्या आदल्या दिवशी एक तास वजा होतो. फ्रान्समध्ये २६ डिसेंबर केवळ आल्सास व मोझेल भागांत पाळला जातो. इजिप्तमध्ये ७ जानेवारीची सुट्टी २००३ पासून आहे.

व्यवहारातील परिणाम : युरो क्षेत्रातील आंतरबँक देयक प्रणाली हिवाळ्यात २५ व २६ डिसेंबर आणि १ जानेवारी एवढेच दिवस बंद असते. ६ जानेवारीला इटली वा स्पेनमध्ये कार्यालय बंद असले तरी त्या दिवशीचे देणे प्रणालीच्या दृष्टीने देय ठरू शकते. जहाजभाड्याच्या करारांत माल चढवण्या-उतरवण्याची मुदत सुट्ट्या धरून की वगळून मोजायची हे लिहिलेले असते; वगळून असेल तर कोणत्या बंदराच्या सुट्ट्या, हेही लिहावे लागते. जपानमध्ये सरकारी कार्यालयात कागद दाखल करण्याची मुदत २९ डिसेंबर ते ३ जानेवारी यांत संपत असेल तर ती त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसापर्यंत वाढते. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडून औद्योगिक उत्पादनाचे जानेवारी व फेब्रुवारीचे आकडे एकत्र प्रसिद्ध केले जातात, कारण सुट्टी एका वर्षी जानेवारीत तर दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आल्याने एकेका महिन्याची मागील वर्षाशी तुलना निरर्थक ठरते.