आगगाडी आली आणि घोडे वाढले

नवे यंत्र आले की ‘आता अमुक धंदा बुडाला’ अशी हाकाटी सुरू होते आणि दाखला म्हणून घोडागाडी पुढे केली जाते. हा दाखला अर्धाच खरा आहे.

इंग्लंडमध्ये 1784 साली ब्रिस्टल-लंडन मार्गावर टपालाची घोडागाडी धावू लागली. 1830 च्या सुमारास चांगल्या खडीच्या रस्त्यांवर अशा गाड्या ताशी 16 किलोमीटरपर्यंत पोचल्या होत्या. पुढे मात्र गाडे अडले. का?

लोखंडी धाव बसवलेले चाक फिरताना खडी किंचित दबते, म्हणजे चाक सतत स्वतःच केलेल्या खळग्यातून वर चढत असते. दबलेली खडी तेवढ्याच जोराने परत उसळत नाही, त्यामुळे ऊर्जा वाया जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. बऱ्या रस्त्यावर तो वजनाच्या अडीच टक्के धरू. भरलेली गाडी 2 टन, तर ओढ 50 किलोभार, म्हणजे 490 न्यूटन. त्याला सेकंदाला 4.4 मीटर या वेगाने गुणा: सुमारे 2,160 वॅट. चार घोड्यांत वाटले तर प्रत्येकी पाऊण अश्वशक्ती. यात काय विशेष, असे वाटेल. पण जेम्स वॅट या इंजिन बनवणाऱ्याने अश्वशक्ती मोजली ती संथ चालीने घाणा फिरवणाऱ्या घोड्यावरून. दुडक्या चालीत स्वतःचे धूड उचलण्यातच घोड्याची बरीच ताकद जाते आणि तासाभरात तो थकतो. शिवाय चाळीसात एकचा चढ आला की ओढ दुप्पट! म्हणून दर 15 किलोमीटरच्या आसपास घोडे बदलावे लागत. घोडागाडीचा धंदा खरे तर तबेल्यांचा, दाणावैरणीचा आणि नालबंदांचा होता.

रुळावर लोखंडी चाक जवळजवळ दबतच नाही, रूळही नाही. त्या काळच्या बेअरिंगसकट टनामागे ओढ साडेचार किलोभाराच्या आसपास, म्हणजे रस्त्याच्या जेमतेम पाचवा-सहावा भाग. निम्मी करामत रुळाचीच होती, वाफ नंतरची. 1803 च्या सरे आयर्न रेल्वेवर मालाचे डबे घोडेच ओढत.

1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर आणि 1838 मध्ये लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग सुरू झाले आणि त्या मार्गांवरच्या लांब पल्ल्याच्या घोडागाड्या पाहता पाहता बसल्या. गाड्या बांधणारे मात्र तगले. लिव्हरपूलच्या वर्सडेल या गाडी-कारागिरांनी रेल्वेचे सुरुवातीचे डबे बांधले, आणि पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे एका सांगाड्यावर जोडलेल्या तीन घोडागाड्याच दिसत.

आणि घोडे? आगगाडी स्टेशनापर्यंतच नेते. तिथून घरी, गोदामात, बाजारात जायला घोडाच लागे. प्रवास आणि माल वाढला, तशा भाड्याच्या बग्ग्या, घोड्यांच्या बस, मालाचे छकडे वाढले. शहरांतले घोडे शतकभर वाढतच गेले. (‘लंडन नऊ फूट लिदीखाली गाडले जाईल’ असे 1894 साली ‘टाइम्स’ने भाकीत केल्याची गोष्ट आवडीने फिरवली जाते. त्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत असे काही सापडलेले नाही.)

रेल्वे कंपन्यांनी स्वतःही हजारो घोडे पाळले, यार्डात डबे हलवायलासुद्धा. ब्रिटिश रेल्वेचा असा शेवटचा घोडा न्यूमार्केटला 1967 मध्ये निवृत्त झाला. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने त्यानंतर जेमतेम दीड वर्ष टिकली.