भूजल संवर्धन डिस्ट्रिक्ट (टेक्सास)

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जमिनीखालच्या पाण्याच्या उपशावर लक्ष ठेवायला आणि ते पाणी राखायला उभी केलेली स्थानिक संस्था. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे महसुली जिल्हा नव्हे, फक्त या एका कामासाठी आखलेला प्रदेश, कधी एका काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) तर कधी चार-पाच काउंट्यांचा. सध्या राज्यात असे साधारण १०० डिस्ट्रिक्ट आहेत.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण टेक्सासच्या घटनेतली १९१७ ची दुरुस्ती धरतात, कारण नैसर्गिक संपत्तीचं जतन हे सार्वजनिक काम आहे असं तिथे लिहिलं गेलं आणि त्यासाठी डिस्ट्रिक्ट काढायची वाट मोकळी झाली. बाकीचे १९४९ चा कायदा धरतात, त्याखालचा पहिला डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये लबक शहराच्या आसपास, हाय प्लेन्स भागात झाला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण अशा संस्थेची गरज का पडली ते समजून घ्यायचं तर १९०४ च्या निकालापासून सुरुवात करणं जास्त पटतं.

डेनिसन गावात ईस्ट नावाच्या गृहस्थांची घरगुती विहीर होती, ५ फूट रुंद आणि ३३ फूट खोल. शेजारच्या जागेत रेल्वे कंपनीने इंजिनं आणि वर्कशॉपसाठी २० फूट रुंद, ६६ फूट खोल विहीर खणली आणि रोज २५,००० गॅलन म्हणजे जवळपास ९५,००० लिटर पाणी उपसायला लागली, ईस्ट यांची विहीर आटली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्या जमिनीतून कितीही पाणी काढा, शेजाऱ्याला भरपाई नाही, हा नियम १८४३ च्या एका इंग्लिश खटल्यावरून घेतलेला, आणि जमिनीखालचं पाणी कसं फिरतं ते इतकं गूढ आहे की त्यावर नियम करणं अशक्य, असंही एक कारण दिलं गेलं. पुढे भूशास्त्राने ते गूढ बरंच उकललं पण नियम तसाच राहिला, १९९९ मध्येही न्यायालयाने तो बदलायला नकार दिला.

डिस्ट्रिक्ट स्थापन होतो तो बहुतेक वेळा विधिमंडळाच्या खास कायद्याने. दुसरा मार्ग अर्जाचा: प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त जमीनमालकांच्या सह्या, किंवा मालक ५० पेक्षा जास्त असतील तर त्यांतल्या किमान ५० जणांच्या सह्या घेऊन राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे जायचं. पाण्याची स्थिती फार बिकट असेल तर आयोग स्वतःहूनही पाऊल उचलू शकतो. शेजारच्या चालू डिस्ट्रिक्टमध्ये सामील होण्याचीही सोय आहे. नव्या डिस्ट्रिक्टला साधारणपणे मतदारांची मंजुरी लागते.

मग संचालक मंडळ येतं, विहिरींची नोंदणी, परमिट, दोन विहिरींमधलं अंतर, उपशाची मर्यादा हे सगळं तेच ठरवतं. १० एकरांपेक्षा मोठ्या जमिनीवरची, घरगुती किंवा जनावरांसाठीची, दिवसाला २५,००० गॅलनहून जास्त पाणी देऊ न शकणारी विहीर परमिटमधून सुटते. डेनिसनच्या रेल्वेच्या विहिरीचा आकडाही हाच होता, हे लक्षात घेतलं की ही सूट किती मोठी आहे ते दिसतं. खर्च मालमत्ता कर किंवा उपसा फीमधून भागतो.

सगळ्यात मोठी अडचण हद्दीची आहे. पाणी वाहतं जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या थरातून, डिस्ट्रिक्टची रेघ मात्र बहुतेक ठिकाणी काउंटीच्या सीमेवरून जाते, त्यामुळे ओगलाला किंवा ट्रिनिटीसारखा एकच जलधर अनेक मंडळांत वाटला जातो आणि एकाने मर्यादा घातली तरी रेघेपलीकडचा पंप चालूच राहतो. यावर उपाय म्हणून २००५ च्या कायद्याने राज्यातल्या १६ भूजल व्यवस्थापन क्षेत्रांत डिस्ट्रिक्टनी एकत्र बसून, पुढच्या काही दशकांत पाणीपातळी किती खाली जाऊ द्यायची याचं लक्ष्य ठरवायची सक्ती केली. २०१२ मध्ये न्यायालयाने जमिनीखालचं पाणी ही जमीनमालकाची मालमत्ता असल्याचं म्हटलं, तेव्हापासून मर्यादा घालताना भरपाईच्या दाव्याचा विचार मंडळांना करावा लागतो.

जिथे डिस्ट्रिक्ट किंवा तशी दुसरी संस्था नाही तिथे मुद्दाम खोडसाळपणा वा नासाडी केली नसेल तर अजूनही मुख्यतः १९०४ चाच नियम लागू आहे.