दिवस मावळला तरी शरीर ड्युटीवरच

रात्रीचे साडेदहा वाजलेत. कामाच्या ग्रुपवर मेसेज पडतो. उत्तर सकाळी दिलं तरी चालणार असतं, पण दात आवळले जातात, खांदे कानांकडे सरकतात. आत्ता, हे वाचतानाच, खांदे सैल सोडून बघा. बरेच खाली आले का? मग ते कधीपासून वर होते, याचा तुम्हाला पत्ताच नव्हता. ताण असा नकळत मुरतो.

मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. त्यांतून अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) काही सेकंदांत उसळतं, कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक त्यामागून काही मिनिटांत. रक्तातली साखर वाढते, छाती धडधडते, पचन मंदावतं. यात वाईट काही नाही, याच जोरावर अडलेलं काम तडीस जातं. पण कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चढून मध्यरात्रीपर्यंत ओसरायला हवं. डोक्यात काम घोळत राहिलं की ते नीट ओसरत नाही. म्हणूनच झोप उडणं, पहाटे तीनला टक्क जाग येणं, उगाच चिडचिड, सतत पित्त किंवा डोकेदुखी या खुणांकडे मी आधी बघते.

सगळ्यात जास्त ताण साहेबाला, असा आपला समज. लंडनमधल्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी तो खोटा ठरवला. १९८५ पासून दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू झाली. खालच्या पदांवर हृदयविकार जास्त आढळला आणि त्यामागचं एक मोठं कारण निघालं ते म्हणजे आपलं काम कसं, कधी करायचं हे आपल्या हातात नसणं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक.

त्यामुळे ‘जरा ध्यान करा’ एवढंच सांगून कर्मचाऱ्याची बोळवण करणं मला अन्यायाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलंय. गळून जाणं, कामाविषयी कडवटपणा आणि ‘माझ्याकडून काहीच होत नाही’ ही भावना, या बर्नआउटच्या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर दुरुस्ती कामातही व्हायला हवी. वरिष्ठांकडे ‘खूप लोड आहे’ म्हणण्याऐवजी यादी न्या आणि विचारा, ‘यातलं आधी कोणतं करू, आणि मागे कोणतं ठेवू?’ थोडीशी मुभा अशा प्रश्नातूनही मिळते.

रात्रीसाठी एक साधा उपाय. २०१८ च्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिली, इतरांनी आटोपलेली. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठा. जगणं नकोसं वाटलं तरीही त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. झोप किंवा उमेद दोन आठवडे परतली नाही तरी जाच. तिथे कामाचे तासही मोजून सांगा. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.